आधी तार तपासा

जुन्या डेस्कटॉपवर नेट लागेनासं झालं की पहिला संशय संगणकावरच घेतला जातो. यंत्र जुनं झालं, त्याचे दिवस भरले, आता नवं घ्या, असा निकाल दहा मिनिटांत लागतो. महाबळेश्वर तालुक्यात आणि त्याला लागून असलेल्या जावळी, वाई, पाटणच्या डोंगराळ पट्ट्यात हा निकाल, माझ्या पाहण्यात, पुष्कळदा चुकीचा ठरतो. दोष असतो तो संगणकापासून बाहेरच्या खांबापर्यंत जाणाऱ्या वाटेवर कुठेतरी. काळवंडलेल्या पिनेत असतो, ओल्या जॉइंटमध्ये असतो, थकलेल्या अडॅप्टरमध्ये असतो, नाहीतर मदरबोर्डावरच्या संपलेल्या सेलमध्ये. ती वाट एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे कशी तपासत जायची, एवढाच या पुस्तिकेचा विषय आहे.

विषय छोटा असला तरी जागा साधी नाही. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३५० मीटर उंचीवर आहे आणि वर्षाकाठी इथे साडेपाच ते सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. वीसेक किलोमीटरवरच्या पाचगणीत त्याच्या साधारण तिसऱ्या हिश्शाइतकाच पडतो. जुलै २०२१ मध्ये, २२ ते २३ तारखेच्या चोवीस तासांत, महाबळेश्वरात सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस झाला आणि आंबेनळी घाटाचा रस्ता जागोजागी खचला. अशा दिवशी नेट गेलं तर कुणी तक्रार करणार नाही. पण यंत्रांचं खरं नुकसान अशा एखाद्या दिवसाने होत नाही. ते होतं जून ते सप्टेंबर घरात येऊन बसणाऱ्या ढगाने. खिडकी उघडी राहिली तर धुकं खोलीतून फिरून जातं, कपाटातल्या चामड्याला बुरशी धरते, वह्यांची पानं मऊ पडतात. या हवेपासून घर वाचवायला इथली माणसं पिढ्यान्‌पिढ्या पावसाळ्याआधी भिंतींना गवताचे आडोसे बांधत आली. आता गवताच्या जागी प्लास्टिक आलं आहे. संगणकाचा विचार मात्र या तयारीत क्वचितच होतो. नेटची वायर लागते त्या खोबणीत आठ बारीक पिना असतात आणि त्यांच्यावरचा सोन्याचा मुलामा स्वस्त मालात नावापुरताच असतो. मुलामा उडाला की खालच्या धातूवर ओलीचा थर चढतो आणि जोडणी कधी लागते, कधी सुटते. कधी लागणारी आणि कधी सुटणारी जोडणी ही पूर्ण बंद पडलेल्या जोडणीपेक्षा शोधायला कितीतरी अवघड.

रोज चालू राहणारा संगणक पावसाळा बरा काढतो, हे इथे मुद्दाम नोंदवतो. आतल्या उष्णतेने तो स्वतःला कोरडा ठेवतो. हाल होतात ते बंद ठेवलेल्या यंत्रांचे. पावसाळ्यात शटर ओढून घेतलेल्या हॉटेलाच्या काउंटरवरचा संगणक, सुट्टीत कुलूपबंद राहिलेल्या शाळेच्या प्रयोगशाळेतला संगणक. ऑक्टोबरात पर्यटक यायला लागतात, बटण दाबलं जातं, स्क्रीन उजळते आणि कोपऱ्यात पिवळा त्रिकोण दिसतो. तिथून दुरुस्तीवाल्याचा हंगाम सुरू होतो.

मोबाइल हातात असताना जुन्या डेस्कटॉपसाठी एवढी खटपट कशाला, असं शहरातला वाचक विचारील. उत्तर ग्रामपंचायतीच्या खोलीत आणि आपले सरकार सेवा केंद्राच्या काउंटरवर मिळतं. डिजिटल सहीचा सातबारा मे २०१८ पासून मिळू लागला. त्यानंतर तलाठ्याकडचे हेलपाटे कमी झाले, पण उतारा छापून हातात द्यायला प्रिंटर लागतो, अंगठा घ्यायला स्कॅनर लागतो आणि या दोघांना जोडलेलं एक यंत्र लागतं. गावात ते यंत्र बहुधा जुना डेस्कटॉपच असतो. विकास सोसायटीचा हिशेब, शाळेची पटनोंदणी, शिष्यवृत्तीचे अर्ज, स्ट्रॉबेरीच्या रोपांच्या अनुदानाची कागदपत्रं, सगळी त्यावर. ते एक दिवस बंद पडलं तर तापोळ्याच्या माणसाला घाट चढून महाबळेश्वर गाठावं लागतं. कांदाटी खोऱ्यातल्या माणसाला त्याआधी लाँचने शिवसागर ओलांडावा लागतो. एका पिनेवरच्या थरापायी कुणाची मजुरी बुडावी, हे मला अजिबात पटत नाही. ही पुस्तिका लिहिण्याचं कारण तेच.

आपल्या भागाने असा धडा पूर्वी एकदा घेतला आहे. १९९८ साली वारणानगरच्या आसपास, कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतल्या सुमारे सत्तर गावांसाठी ‘वायर्ड व्हिलेज’ हा प्रकल्प उभा राहिला. केंद्र सरकार, राज्य सरकार आणि वारणेचा सहकारी समूह यांनी मिळून खर्च उचलला. गावोगावच्या केंद्रांत संगणक बसले. ऊस उत्पादकाला नोंदणी, तोडीची परवानगी, वजनाची पावती, बिलाचा हिशेब गावातच मिळावा, हा हेतू होता. त्या काळात देशभर या प्रकल्पाचं नाव झालं. पण गावातला संगणक चालू ठेवायचा म्हणजे नुसती खरेदी नव्हे. वीज, टेलिफोनची लाइन, देखभाल आणि दुरुस्तीला येणारा माणूस या चारही गोष्टी रोज लागतात. पुढे २००६-०७ च्या सुमारास मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या भारतातल्या संशोधकांनी सात गावांत प्रयोग करून पाहिला आणि संगणकाऐवजी साध्या मोबाइलवरून एसएमएसने तीच माहिती शेतकऱ्याला दिली. काम स्वस्तात झालं, कारण उसाच्या पावतीचे आकडे एका संदेशात मावतात. अंगठा, स्कॅन केलेला दाखला आणि छापलेला उतारा मात्र एसएमएसमध्ये मावत नाहीत. म्हणून आज डेस्कटॉप टाळता येत नाही आणि वारणेच्या केंद्रांना भेडसावणारा देखभालीचा प्रश्न आपल्यापुढे तसाच उभा आहे.

थोडा इतिहास लाइनचाही सांगायला हवा, कारण तो घरातल्या भिंतीवर अजून लटकलेला असतो. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं, तेही आधी मोजक्या महानगरांत. डोंगरात ते आलं टेलिफोनच्या तारेतून, मॉडेमच्या किरकिराटासकट. बीएसएनएलचं ब्रॉडबँड २००५ च्या जानेवारीत सुरू झालं. मग केबलवाल्यांची लॅन आली, डोंगल आलं, आता फायबर आलं आहे. नवी सोय येताना जुनी तार कुणी काढून नेत नाही. त्यामुळे एकेका बंगल्यात टेलिफोनची जोडतार, तिच्यावरचा फिल्टर, काळी लॅन केबल आणि फायबरची पांढरी दोरी एकमेकींत गुंतून पडलेल्या असतात. कोणती तार जिवंत आणि कोणती मेलेली, हे ठरवणं हेच पुष्कळदा दुरुस्तीचं पहिलं काम ठरतं.

आता पद्धतीकडे येतो. पद्धत एकच आहे : जवळून सुरुवात करायची आणि एकेक टप्पा दूर जायचं. लोक उलटं करतात. आधी कंपनीला फोन लावतात, मग विंडोज नव्याने टाकून घेतात आणि शेवटी कुणीतरी वायर हलवून बघतो.

संगणकाच्या मागे नेटची वायर शिरते तिथे दोन छोटे दिवे असतात. ते पेटले नसतील तर सॉफ्टवेअरमध्ये शिरण्याचं काही कारण नाही. दोष वायरीत आहे, खोबणीत आहे किंवा पलीकडच्या राउटरच्या पोर्टात आहे. वायर दुसरी लावून बघायची, राउटरचा पोर्ट बदलून बघायचा. वायरीच्या टोकाची प्लास्टिकची क्लिप तुटली असेल तर वायर आत बसल्यासारखी दिसते, पण नीट लागत नाही. असं टोक कापून नवं क्रिम्प करून घ्यावं, चिकटपट्टीने भागवू नये. लॅन कार्ड वेगळं असेल तर वीज पूर्ण काढून ते स्लॉटमधून बाहेर घ्यायचं, त्याच्या सोनेरी कडेवरून स्वच्छ खोडरबर फिरवायचं, भुगा झटकायचा आणि पुन्हा घट्ट बसवायचं. पावसाळ्यानंतर नुसत्या एवढ्यावर चालू होणारी यंत्रं पुष्कळ असतात.

दिवे पेटले असतील तर पुढचा प्रश्न पत्त्याचा. राउटर प्रत्येक यंत्राला एक आकडी पत्ता देतो, बहुतेक घरांत तो १९२.१६८ ने सुरू होतो. काळ्या खिडकीत आयपीकॉन्फिग हा आदेश दिला की तो दिसतो. तिथे १६९.२५४ ने सुरू होणारा आकडा दिसला तर समजावं की राउटरकडून पत्ता मिळालाच नाही आणि विंडोजने आपल्या मनाने एक घेतला आहे. असं असताना कंपनीला फोन करण्यात अर्थ नाही, भानगड अजून घरातच आहे.

पत्ता बरोबर असेल तर पिंग. १९८३ च्या डिसेंबरात माइक म्यूस या अमेरिकी प्रोग्रामरने लिहिलेला हा चिमुकला प्रोग्राम पलीकडच्या यंत्राला हाक मारतो आणि ओ यायला किती वेळ लागला ते सांगतो. चार हाका ओळीने मारायच्या. पहिली स्वतःलाच, १२७.०.०.१ ला. दुसरी राउटरला. तिसरी बाहेरच्या जगातल्या एखाद्या आकडी पत्त्याला, उदाहरणार्थ ८.८.८.८ ला. चौथी एखाद्या संकेतस्थळाच्या नावाला. ज्या हाकेला ओ येत नाही, तिच्या आणि आधीच्या हाकेच्या मधल्या टप्प्यात दोष आहे. तिसरीला ओ येते आणि चौथीला येत नाही, असं झालं तर लाइन ठणठणीत आहे, फक्त नावाचा आकडा शोधून देणारी डीएनएसची सोय बिघडली आहे. ती सेटिंग बदलायला दोन मिनिटं लागतात. माहिती नसेल तर त्याच दोन मिनिटांच्या कामासाठी सीपीयूचा डबा उचलून साताऱ्याला नेला जातो.

या पुस्तिकेतला सर्वांत मोठा भाग घड्याळावर आहे आणि तो मुद्दाम मोठा ठेवला आहे. मदरबोर्डावर एक नाण्याएवढा तीन व्होल्टचा सेल असतो, दुकानात त्याला सीआर २०३२ म्हणून मागायचं. संगणक बंद असताना तारीख-वेळ तो सांभाळतो. साधारण तीन ते पाच वर्षांत तो संपतो, आणि वीज वारंवार व दीर्घकाळ जाते तिथे त्याच्यावर भार जास्त पडतो. सेल संपला की संगणक चालू होताना स्वतःच्या जन्मकाळाच्या आसपासच्या तारखेला जातो. आता गंमत नव्हे, खरा त्रास पाहा. प्रत्येक सुरक्षित संकेतस्थळाकडे एक प्रमाणपत्र असतं आणि त्यावर अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत ग्राह्य असं लिहिलेलं असतं. संगणकाच्या मते साल २००९ असेल तर आजचं प्रमाणपत्र त्याला पुढच्या काळातलं वाटतं आणि तो ते नाकारतो. दिवे पेटलेले, पत्ता बरोबर, चारही पिंगना ओ आणि तरी एकही साइट उघडत नाही! माणूस चक्रावतो. विंडोजने इंटरनेटवरून वेळ आपोआप दुरुस्त करून घ्यावी, ही अपेक्षाही इथे फोल ठरते. घरगुती संगणकावर घड्याळ पंधरा तासांपेक्षा जास्त चुकलं असेल तर विंडोजची वेळ जुळवणारी सेवा तो बदल करायलाच तयार होत नाही. तारीख हाताने घालावी लागते आणि सेल बदलेपर्यंत दर वेळी घालावी लागते. सेलची किंमत चहा-वड्याच्या खर्चाइतकी आहे.

या प्रमाणपत्रांची दुसरीही एक अडचण जुन्या यंत्रांना नडली. ३० सप्टेंबर २०२१ रोजी लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेच्या प्रमाणपत्रांमागचं एक जुनं मूळ प्रमाणपत्र मुदत संपून बाद झालं. ज्या संगणकांना वर्षानुवर्षं अपडेट मिळाले नव्हते, त्यांच्यावर त्या दिवशी कितीतरी साइट एकाएकी बंद पडल्या. सगळ्या नव्हे, काहीच. त्यामुळे लोकांनी दोष लाइनीला दिला.

वायरमनच्या कामाबद्दलही दोन शब्द. एप्रिल-मेमधल्या वळवाच्या विजा तांब्याच्या टेलिफोन तारेतून थेट मॉडेमपर्यंत येतात आणि तिथून लॅन कार्डापर्यंत. म्हणून गडगडाट सुरू झाला की नुसता विजेचा प्लग काढून भागत नाही, फोनची पिनही काढावी लागते. फायबरची काच वीज वाहून नेत नाही, पण तिच्याबरोबर खांबावरून येणारी आधाराची लोखंडी तार नेऊ शकते. ती घरात शिरण्याआधीच कापलेली असावी. माकडं केबलीवरून झोके घेतात हे महाबळेश्वर-पाचगणीत कुणाला सांगायला नको. फायबर त्याने तुटली नाही तरी एका जागी दुमडते, उजेड गळतो आणि डब्यावर एलओएसचा लाल दिवा लागतो. हा दिवा दिसला की घरातले सगळे उपाय थांबवून लाइनमनलाच बोलवावं. आणि राउटरचा अडॅप्टर! चार-पाच वर्षांनी तो पुरता दाब देईनासा होतो. दिवे पेटलेले दिसतात, पण काम वाढलं की राउटर आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होतो. नवा राउटर घेण्याआधी तेवढ्याच व्होल्टचा आणि तेवढ्याच किंवा जास्त अँपियरचा अडॅप्टर लावून पाहावा.

स्थानिक केबलवाल्याची जोडणी असेल तर आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवायची. बरेच केबलवाले ग्राहकाच्या लॅन कार्डाचा मॅक क्रमांक आपल्याकडे बांधून ठेवतात. कार्ड बदललं की सगळं बरोबर असूनही नेट लागत नाही. त्यांना फोन करून नवा क्रमांक कळवला की काम होतं. डायलरवर ६९१ हा आकडा आला तर नाव किंवा पासवर्ड चुकलाय, नाहीतर पैसे भरायचे राहिलेत. ६५१ आला तर दोष डायलर आणि पलीकडच्या यंत्राच्या मधल्या तारेत शोधावा.

वायफायच्या भानगडीत मी फार शिरलेलो नाही. जांभ्या दगडाच्या जाड भिंतींच्या जुन्या बंगल्यांत वायफाय दुसऱ्या खोलीतही नीट पोचत नाही आणि जुन्या यूएसबी डोंगलांना पाच गिगाहर्ट्‌झचा पट्टा दिसतच नाही. डेस्कटॉप एका जागी बसतो, त्याला तारच द्यावी. चांगली केबल शंभर मीटरपर्यंत बिनघोर चालते आणि एवढ्यात कुठलाही बंगला ओलांडून होतो.

हे सगळं करूनही एक मर्यादा राहते आणि ती लपवून ठेवणं वाचकाशी अप्रामाणिक ठरेल. विंडोज एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ ला संपला, विंडोज सातचा १४ जानेवारी २०२० ला आणि विंडोज दहाचा १४ ऑक्टोबर २०२५ ला. विंडोज सातवर क्रोमची १०९ ही शेवटची आवृत्ती. अशा यंत्रावर जोडणी दुरुस्त करता येते, पण जोडणी असणं आणि ती सुरक्षित असणं या वेगळ्या गोष्टी आहेत. माझं मत स्पष्ट आहे : ज्या संगणकाला सुरक्षेचे अपडेट येत नाहीत, त्यावर पतसंस्थेचे पैशांचे व्यवहार आणि लोकांचे आधार क्रमांक हाताळू नयेत. यंत्र चांगलं असेल तर त्यावर हलकी लिनक्स प्रणाली घालून शाळेत मुलांना द्यावं, किंवा नेट काढून हिशेब आणि छपाईसाठी वापरावं. ते फेकून देण्याचीही गरज नाही आणि त्याच्याकडून झेपणार नाही ते काम करून घेण्याचीही नाही.

पुस्तिका कुणासाठी? केंद्र चालवणाऱ्या तरुण-तरुणींसाठी, शाळेतल्या ज्या शिक्षकावर संगणकाची जबाबदारी आपसूक येऊन पडली त्याच्यासाठी, ग्रामपंचायतीच्या ऑपरेटरसाठी. संगणकाचा कोर्स केलेला असणं गरजेचं नाही. स्क्रू खोलायची भीती वाटत नसली आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायचा धीर असला की पुरे. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि नेट सुरू झालं, तर दोष कशात होता ते कळत नाही आणि पुढच्या पावसाळ्यात तोच पुन्हा समोर येतो. प्रत्येक दुरुस्तीनंतर तारीख, लक्षण आणि केलेला उपाय एका वहीत लिहून ठेवा. वही कोरड्या जागी, संगणकापासून दूर ठेवा.

आणि हे वाचणाऱ्या प्रत्येकाला एक विनंती. मिरग लागायच्या आत सेल नवा घाला, वायरींची टोकं तपासा, लॅन कार्डाचा ड्रायव्हर पेनड्राइव्हवर उतरवून ठेवा, कारण विंडोज नव्याने टाकल्यावर नेटच नसेल तर तो मिळणार कुठून? राउटरचा पत्ता, डायलरचं नाव आणि केबलवाल्याचा किंवा लाइनमनचा नंबर कागदावर लिहून भिंतीला लावा. बंद ठेवायचा संगणक पावसाळ्यात आठवड्यातून एकदा तासभर तरी चालू करा.